माहेरावर दावा

माझा पाय मोडला तेव्हा दवाखान्यात बोलायचं काम माझ्या नवऱ्याने केलं. मला बोलता येत नव्हतं असं नाही. मी ओरडत होते, आणि ओरडणाऱ्या बाईला कोणी काही विचारत नाही. टेबलामागच्या नर्सने विचारलं, "क्या हुआ इनको?" नवरा म्हणाला, "सीढी से गिर गई." तिने ते लिहून घेतलं, खाली सांगणाऱ्याचं नातं लिहिलं, पती, आणि मला आत नेलं.

आम्ही राहायचो ती चाळ बैठी होती. तिला जिनाच नव्हता.

मी कडवट बाई आहे असं सामरवरणीत, त्या चाळीच्या भागात, माझ्याबद्दल अजूनही बोललं जातं. बोलू देत. बोलणाऱ्यांपैकी निम्म्या बायकांनी त्या दिवशी माझ्या अंगावरून ते लोखंड उचललं होतं, त्यामुळे मी कशाने कडवट झाले हे त्यांना माझ्याइतकंच ठाऊक आहे.

चाळ सोळा खोल्यांची. मालक आमच्याच तालुक्यातला, धुळ्याकडचा. पुष्कळ वर्षांपूर्वी एकटाच सिल्वासाला आला, राखोलीच्या एका सूत कंपनीत मशीनवर उभा राहिला, आणि मग पोटाला चिमटा काढून म्हणा की आणखी कसं म्हणा, जमिनीचा तुकडा घेऊन त्यावर खोल्या बांधल्या. वयाने मोठ्या माणसाला आमच्याकडे नाना म्हणतात, म्हणून सगळी चाळ त्याला नानाच म्हणायची. माझ्या नवऱ्याला गावाहून इकडे आणलं नानाने. पहिली नोकरी लावली नानाने. डिपॉझिट न घेता खोली दिली नानाने. तेव्हा मी त्याला अहो-जाहो करायचे. आता लिहिताना एकेरीवर आले आहे, ते तसंच राहू दे.

खान्देशात अखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सासुरवाशिणी माहेरी जातात. झोके बांधतात, पुरणपोळ्या होतात, दोन दिवस बाई पुन्हा लेक होते. कंपनीला अखाजी कळत नाही. एक दिवसाची रजा मागितली तरी सुपरवायझर असं बघतो की आपण जणू त्याच्या घरचं भांडं उचलून नेतोय. म्हणून नानाने एक पद्धत पाडली होती. त्याच्या अंगणातल्या कडुनिंबाला तो अखाजीला झोका बांधायचा. त्याची बायको खापरावरच्या पुरणपोळ्या करायची, आणि चाळीतल्या प्रत्येक बाईला घरात बोलावून, पाटावर बसवून, खण-नारळ द्यायची. ज्या बाईला माहेर गाठता येत नाही तिचं माहेर इथे, असं नाना सगळ्यांसमोर म्हणायचा. खरं सांगते, मला ते फार आवडायचं. माझे वडील गेल्यानंतर तर मी अखाजीची वाट बघायचे. त्या पाटावर बसले की मला रडू यायचं आणि नानाची बायको पदराने माझे डोळे पुसायची. हे सगळं खरं होतं, खोटं काहीच नव्हतं, आणि म्हणूनच पुढचं जड गेलं.

चाळीला एकच फाटक होतं. रुळावरून सरकणारं, लोखंडी, दोन माणसांच्या रुंदीचं आणि जड. त्याचं एक चाक झिजलेलं होतं आणि रुळाच्या टोकाला गेट अडवणारा जो लोखंडाचा ठोकळा असतो, तो कधीतरी तुटून पडला होता. गेट जरा जास्त सरकलं की रुळावरून उतरायचं आणि भिंतीला टेकून तिरकं उभं राहायचं. मग चार जण मिळून ते उचलून परत रुळावर ठेवायचे. हे काम चाळीत कोणी कोणाला सांगत नसे. ज्याच्या कानावर लोखंडाचा आवाज पडेल तो हातातलं टाकून यायचा. माझा नवरा असायचा, समोरच्या खोलीतला वेल्डिंगवाला असायचा. गंमत बघा, वेल्डिंग करणारा माणूस रोज ते गेट उचलत होता, पण ठोकळा जोडून द्यायचं त्याच्याही मनात आलं नाही. गेट नानाचं. त्याला नाना सांगेल तेव्हा हात लावायचा.

नानाला आम्ही सांगितलं नव्हतं का? सांगितलं होतं. पण कसं, तर माहेरी सांगतात तसं. "नाना, तेवढं गेटचं बघा हं," असं हसत, जाता जाता. तोही म्हणायचा, "हाव, करसू, अखाजी व्हऊ दे." अखाजी झाली, पावसाळा झाला, दिवाळी झाली. तक्रार म्हणून कागदावर लिहून द्यावं असं सोळा खोल्यांत एकाच्याही डोक्यात आलं नाही. भाडेकरू लिहून देतो. आम्ही भाडेकरू कुठे होतो?

मी तेव्हा राखोलीला सुताचे कोन, म्हणजे सूत गुंडाळलेले निमुळते पुठ्ठे, तपासायच्या कामावर होते. आठ तास उभं राहायचं, दिव्याखाली कोन फिरवून बघायचा, डाग किंवा तुटका धागा दिसला की बाजूला काढायचा. माझी नजर चांगली होती. त्या सकाळी पहिल्या शिफ्टसाठी मी खोलीतून निघाले. माझ्याआधी कोणीतरी मोटारसायकल काढली होती आणि गेट रुळाच्या टोकापर्यंत ढकलून तसंच सोडलं होतं. मी बाहेर आले, बसची वाट बघत गेटपाशी उभी राहिले. चपलेचा पट्टा सुटला होता तो लावायला वाकले. गेटला मी बोटही लावलं नव्हतं. करकर असा आवाज आला, मी मागे सरकले, पण उजवा पाय तिथंच राहिला.

त्या आवाजाने लोक रोजच्यासारखे धावत आले. गेट उचलायलाच आले होते ते. खाली मी आहे हे त्यांना जवळ आल्यावर दिसलं. चार बायका आणि दोन पुरुषांनी, माझा नवरा आणि नाना, ते उचललं. नानाने स्वतःच्या गाडीत मला घातलं, हेही खरं आहे. गाडीतच त्याने माझ्या नवऱ्याला सांगितलं. मी मागच्या सीटवर पडलेली, तरी मला प्रत्येक शब्द ऐकू येत होता.

"देख, गेटनं नाव काढू नको. पोलीस येतीन, चाळ बंद करतीन, सोळा घरं रस्तावर येतीन. जिनावरतीन पडनी असं सांग. खर्च सर्वा मी करसू."

नवरा म्हणाला, "हाव, नाना."

त्या वेळी मलाही त्यात काही वावगं वाटलं नाही. दवाखान्यात खरं सांगितलं की पोलीस केस होते आणि पोलीस केस झाली की डॉक्टर हात लावत नाहीत, असं आमच्यात प्रत्येकाला कोणीतरी सांगितलेलं असतं. सगळे असंच करतात. कंपनीत बोट गेलं तरी विळीवर कापलं म्हणून सांगतात. मी पडल्या पडल्या देवाचा धावा करत होते आणि नवरा खोटं बोलला तेव्हा माझ्या मनात एवढंच आलं की आता लवकर आत नेतील.

पायात सळई बसली. दोन महिने अंथरुणाला खिळले. घोट्याचं हाड जे वाकडं जुळलं ते जुळलंच. आज मी काठी घेऊन चालते. कंपनीने उभ्या कामावरून काढलं आणि बसून करायचं काम त्यांच्याकडे नव्हतं. नानाने ऑपरेशनचा खर्च केला, शब्द पाळला. फळं घेऊन आला. माझ्या नवऱ्यानेही काही कमी केलं नाही. स्वयंपाक केला, मला न्हाऊ घातलं, पाठीवर घेऊन मोरीपर्यंत नेलं. आठवड्याभरात जुनं गेट भंगारात गेलं आणि नवं आलं, दोन्ही टोकांना चांगले जाडजूड ठोकळे लावलेलं. खिडकीतून ते मला दिसायचं. मला राग आला नाही. मला वाटलं, नानाला कळलंय.

मग अखाजी आली. मी काठी टेकत टेकत नानाच्या घरी गेले. पाटावर बसता येईना म्हणून खुर्ची दिली. घरात दहा-बारा बायका होत्या. नानाच्या बायकोने मला खण दिला, डोक्यावरून हात फिरवला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "जरा देखीसन चालानं व्हतं, माय. घाईच नडनी तुले."

मला वाटलं माझ्या ऐकण्यात चूक झाली. मी बायकांकडे बघितलं. ज्या चौघींनी गेट उचललं होतं त्यातल्या तिघी तिथेच होत्या. एक पुरणपोळी खात होती. एक म्हणाली, "हाव ना, नशीब बी लागस." नाना दारात उभा होता. मी म्हणाले, "नाना, तुम्ही सांगा ना काय झालं ते." तो म्हणाला, "जाऊ दे वं, व्हयनं ते व्हयनं. आते जिनावर जपीसन जात जाय." आणि हसला. बायका पण हसल्या, थोड्या.

पैशाचं काही नव्हतं. नोकरी गेली त्याचं दुःख होतं, पण तेवढ्याने मी कोर्टाची पायरी चढले नसते. माझा पाय गेला तो माझ्याच धांदरटपणाने, हे वाक्य आता आयुष्यभर माझ्यामागे फिरणार, माझ्या सासरी जाणार, गावाला जाणार, हे मला त्या खुर्चीत बसल्या बसल्या दिसलं. मला नानाच्या तोंडून एकदा ऐकायचं होतं: गेट पडलं, माझ्या चुकीने पडलं. पुढच्या आठवड्यात मी एकटी त्याच्याकडे गेले आणि तेवढंच मागितलं. तो भडकला. मी तुझ्यासाठी काय काय केलं याची यादी वाचली. ती यादी खरीच होती. शेवटी म्हणाला, "मी काय मुद्दाम पाडं का तुन्हा अंगवर?"

हा प्रश्न मला पुढे सगळ्यांनी विचारला. चाळीतल्या बायकांनी, गावाहून फोन करून दिराने. नानांनी मुद्दाम थोडंच केलं? आमच्याकडे दावा म्हणजे बांधाचा दावा, आणि तो वैऱ्यावर लावतात. वैर नसेल तर दावा कसला? जो मुद्दाम करतो तो गुन्हेगार, बाकी सगळं नशीब. या दोन्हींच्या मध्ये तिसरं काही असतं हे मला माहीतच नव्हतं.

ते मला वकीलबाईंनी सांगितलं. बायकांना सरकारी खर्चाने वकील मिळतो असं कोणाकडून तरी कळलं, म्हणून मी कोर्टाच्या आवारातल्या त्या कार्यालयात गेले होते. वकीलबाई मूळच्या मुंबईच्या, वडील इथे शाळेत मास्तर होते. त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "मुद्दाम केलं की नाही, हा प्रश्नच नाही. ज्याच्या ताब्यात वस्तू आहे त्याने दुसऱ्याला इजा होणार नाही इतकी काळजी घ्यायची असते. ते त्याचं कर्तव्य. ते त्याने पाळलं नाही, आणि त्यामुळे तुमचं नुकसान झालं. कर्तव्य, ते मोडणं, नुकसान, आणि मोडण्यामुळेच नुकसान झालं हा मधला दोरा. एवढं दाखवलं की झालं. वैर लागत नाही, वाईट हेतू लागत नाही. चांगला माणूससुद्धा भरपाईला बांधलेला असतो."

चांगला माणूससुद्धा. मी त्यांना ते वाक्य परत म्हणायला लावलं. वर्षभर माझ्या छातीवर जे बसलं होतं ते त्या वाक्याने जरा हललं. नानाला राक्षस ठरवायची गरज नव्हती. तो चांगला असून चुकला होता, आणि कायद्यात त्याला जागा होती. त्या दिवशी मी कोर्टाच्या बाहेर उसाचा रस प्यायले, एकटीच. पाय मोडल्यानंतर पहिल्यांदा मला आनंद झाला होता.

दुसऱ्या भेटीत वकीलबाईंनी दवाखान्याचे कागद मागवून वाचले आणि त्यांचा चेहरा पडला.

"गेट आपोआप पडत नसतं," त्या म्हणाल्या. "पडलं म्हणजे सांभाळणाऱ्याची चूक, ती गोष्ट स्वतःच बोलते. पण आधी गेट पडलं हे तरी दिसायला हवं ना? इथे पहिल्याच ओळीत जिना आहे. दोराच तुटलाय. आणि तो तुमच्याच माणसाने तोडलाय."

"खोटं होतं ते."

"कोर्टात पहिलं सांगितलेलं जड असतं. नंतरच्या खऱ्याला त्याच्यापेक्षा जास्त वजन आणावं लागतं. ज्यांनी गेट उचललं त्या बायका येतील?"

मी छाती ठोकून हो म्हणाले.

दावा दाखल झाला आणि आम्ही चाळ सोडली. नानाने खोली सोडा असं म्हटलं नाही, पण नळाला बादली लावली की बाजूच्या बायका आपल्या बादल्या उचलून आत जायच्या. डोकमर्डीला एका इमारतीत पहिल्या मजल्यावर भाड्याने जागा मिळाली. नवऱ्याने खोली रिकामी केली. सामान बांधलं, टेम्पोत टाकलं. नानाचं नाव तो घ्यायचा नाही, आणि मी घेतलं की उठून बाहेर जायचा. त्याची माझ्यापेक्षा जास्त माणसं तुटली. गाववाले त्याला रस्त्यात भेटले की म्हणायचे, ज्या ताटात खाल्लं त्यातच छेद केला. तो ऐकून घ्यायचा. मला वाटायचं, हा माझ्या बाजूने आहे म्हणून सोसतोय. मी त्याच्यावर तेव्हा जितकी माया केली तितकी लग्न झाल्यावरही केली नव्हती.

त्या चौघींच्या दारात मी काठी टेकत गेले. पहिली म्हणाली, मुलीचं लग्न जमवतोय, नाना मध्यस्थ आहेत. दुसरी म्हणाली, आमचे हे नको म्हणतात. तिसरीने दार उघडलंच नाही, आतून टीव्हीचा आवाज मोठा केला. चौथी माझ्या गळ्यात पडून रडली, म्हणाली, "तुन्हं खरं शे, बाई, आम्हले सर्वासले माहीत शे." मी म्हटलं, मग तेवढंच कोर्टात सांग. तिने डोळे पुसले आणि चहा टाकते म्हणाली. मी चहा न घेता उठले.

एका दुपारी नानाची बायको डोकमर्डीला आली. साडी घेऊन आली होती, लेकीला नेतात तशी, वर कुंकवाची पुडी. सोबत त्यांच्या वकिलाने केलेला तडजोडीचा कागद. रक्कम चांगली होती. कागदाचा फोटो मी वकीलबाईंना पाठवला, त्यांनी तो वाचून फोनवर समजावला. त्यात एक ओळ होती: कोणतीही चूक मान्य न करता, केवळ माणुसकीच्या भावनेने.

मी म्हटलं, "ही ओळ काढा आणि रक्कम निम्मी करा."

वकीलबाई म्हणाल्या, "ते कधीच काढणार नाहीत. आणि तुम्हाला एक सांगते, दावा जिंकलात तरी कोर्ट त्यांना तुमची माफी मागायला लावणार नाही. भरपाईच्या दाव्यात कोर्ट पैसेच देतं. दुःखाचेही पैसेच करतं."

मग कायद्याकडे दुसरं काही नाही? माझ्या वेदनेचा आकडा दाव्यात लिहायचा होता तेव्हाही मला असंच झालं होतं. दळण टाकताना किलो विचारतात तसं त्या विचारत होत्या, किती लिहू? पण निकालात लिहिलेलं असेल ना, मी विचारलं, की चूक कोणाची? असेल, त्या म्हणाल्या. मग मला निकाल हवा, मी म्हणाले. नवरा शेजारी उभा होता. तो म्हणाला, "पैसा ली टाक ना. कितला दिन दावा चालाडशी?" मी साडी परत दिली. नानाची बायको जिना उतरताना कठड्याला धरून रडत होती. मलाही वाईट वाटलं, आणि वाईट वाटतंय याचा संताप आला.

कोर्टात माझी साक्ष झाली. नानाचा वकील हिंदीत विचारत होता. "गेट खराब है, ये आपको मालूम था?" होतं. "फिर भी उसी गेट से गई?" मी म्हटलं, "मग काय भिंतीवरून उडी मारू? चाळीला दुसरं गेट नाही." न्यायाधीश किंचित हसले. वकीलबाईंनी मला आधीच बजावलं होतं की धोका माहीत असून पत्करला, किंवा चुकीत तुमचाही वाटा आहे, असं दाखवायचा प्रयत्न होईल, रागावू नका. मी रागावलेच. पण जे घडलं ते सगळं सांगितलं, पट्ट्यापासून पायापर्यंत. नवरा तेव्हा बाहेर बाकावर होता. ज्याची साक्ष व्हायची आहे त्याला दुसऱ्याची साक्ष चालू असताना बाहेर बसवतात.

मग त्याला बोलावलं. तो खरं बोलला. नानाच्या डोळ्यांसमोर उभं राहून म्हणाला, दवाखान्यात मी खोटं सांगितलं, गेट पडलं होतं. मला त्याचा अभिमान वाटला. नानाचा वकील उठला.

"तब झूठ बोला, या अब बोल रहे हो?"

"तब."

"मतलब फायदा हो तो झूठ बोल लेते हो."

वकिलाने लगेच पुढचं विचारलं, "गेट गिरते देखा आपने?" नाही, तो म्हणाला, मी खोलीत होतो, आवाज ऐकून आलो. "बस," वकील म्हणाला आणि खाली बसला.

नाना शेवटी उभा राहिला. ती मला बहिणीसारखी, म्हणाला. खर्च माणुसकीने केला. वकीलबाईंनी विचारलं, तुमची चाळ बैठी आहे, जिना कुठला? तर त्याच्या वकिलाने फोटो काढून दिले. दावा चालू होता त्या काळात नानाने चाळीवर एक मजला चढवला होता, भाडेकरू वाढत होते. फोटोत जिना स्वच्छ दिसत होता, निळ्या कठड्याचा. जिना पहिल्यापासून होता, नाना म्हणाला, गच्चीवर पापड वाळत घालायला. हे खोटं आहे असं सांगणारं चाळीतलं एकही तोंड कोर्टात नव्हतं. घरपट्टीच्या कागदावर खोल्या मोजलेल्या असतात, जिने नसतात.

दावा फेटाळला गेला. न्यायाधीश चुकले असं मी म्हणत नाही. त्यांच्यासमोर जे आलं त्यावर त्यांनी लिहिलं. फौजदारीसारखा काटेकोर पुरावा इथे लागत नाही, तराजू जरासा आपल्या बाजूला झुकला तरी पुरतो, आणि आमचा तेवढाही झुकला नाही. वकीलबाईंनी निकाल वाचून सांगितला. दुखापत गेट पडल्याने झाली हे वादी सिद्ध करू शकली नाही. वादी स्वतःच्या असावधपणामुळे पडली असण्याची शक्यता अधिक. म्हणजे नानाची बायको जे खुर्चीत बसवून म्हणाली होती, तेच आता शिक्क्यासह आलं होतं. अपील करता येईल, वकीलबाई म्हणाल्या. मी विचार करते म्हणाले.

घरी आलो. नवऱ्याने चहा ठेवला. मला बसवत नव्हतं, काठी टेकून ओट्यापाशी उभी राहिले. म्हटलं, अपील करायचं. तो म्हणाला, "जाऊ दे आते. व्हई गयं."

"असं कसं जाऊ दे? माझी चूक होती असं लिहिलंय त्यात."

तो आलं किसत होता. वर न बघता, अगदी साध्या आवाजात, मीठ कमी पडलं असं सांगावं तसा म्हणाला, "मले बी तवय असंच वाटनं व्हतं. बस व्हती ना तुन्ही. मी समजनू, तूच घाईमा जोरबन वढं व्हई. तू सर्वा जोरबनच वढस."

मला काही क्षण समजलंच नाही तो काय म्हणतोय. मग समजलं: गेट मीच घाईत जोराने ओढलं असेल, मी सगळंच तसं ओढते. गाडीत, दवाखान्यात, त्या दोन महिन्यांत मला पाठीवर घेऊन नेताना, गाववाल्यांची बोलणी खाताना, साक्षीच्या पिंजऱ्यातसुद्धा, हा माणूस हेच धरून बसला होता. नानाची चूक आहे असं त्याला कधीच वाटलं नव्हतं. बायकोने केलेली चूक तो माझ्यासाठी निभावून नेत होता.

"मी गेटला हातसुद्धा लावला नव्हता," मी म्हणाले.

त्याने किसणी खाली ठेवली. "हाई तू कधी सांगंच नही."

"तुम्हीन कधी इचारं?"

चहा वर आला, त्याने गॅस बारीक केला, दोन कपांत चहा गाळला आणि माझा कप ओट्यावर माझ्या हाताशी सरकवला. मग म्हणाला, "मंग काय व्हयनं व्हतं त्या दिन?"

मी त्याला सांगितलं नाही. चहा प्यायले, कप विसळून पालथा घातला आणि आत जाऊन पडले.